खंदकातील फूल आणि बंदिवासातील पाखरू



गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीच्या वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा चालू होता. सोमच्या रणभूमीवर लढाईच्या दुसऱ्याच वर्षी तांबड्या फुलांचे मळेच्या मळे फुलले होते, असे मी ओघात सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, ‘‘सर, माणसे मरत असताना फुलांकडे बघत बसणे योग्य होते काय?’’ काही मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलाचे वडील सैन्यात आहेत, हे मला ठाऊक होते. इतक्यात तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. प्रश्न चांगला असला म्हणजे त्याचे उत्तर घाईने देऊ नये, अशी माझी समजूत आहे. म्हणून ते उत्तर आज या अंकात सावकाशपणे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम त्या फुलांची हकीगत पाहू.

फ्रान्स देशाच्या उत्तर भागातून सोम नावाची नदी वाहते. तिच्या परिसरात १ जुलै १९१६ रोजी सकाळी जी लढाई सुरू झाली, तिच्या केवळ पहिल्या दिवशी ब्रिटिश सैन्यातील १९,२४० माणसे मृत्युमुखी पडली, आणि जखमी व बेपत्ता झालेले धरून एकंदर हानी ५७,४७० झाली. ही लढाई १८ नोव्हेंबरपर्यंत चालली. आपल्या देशाचे शिपाईही तेथे होते. १४ जुलैच्या सायंकाळी दख्खन हॉर्स या हिंदी घोडदळाने उभ्या पिकांतून घोडे घालून हल्ला केला होता. तोफगोळ्यांनी तेथील गावे जमीनदोस्त झाली, रानांतील झाडांची नुसती खोडे उरली, आणि शेतांचा तर असा चेंदामेंदा झाला की कोणाचा बांध कोठे होता हे मालकासही ओळखता येऊ नये.

पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९१७ साली, आर्थर हिल नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ त्या भूमीवर गेले. लंडनजवळ क्यू येथे जे प्रसिद्ध वनस्पति-उद्यान आहे, त्याचे ते त्या वेळी साहाय्यक संचालक होते. ओसाड, काळवंडलेली भूमी आपणास दिसेल अशी कोणाचीही अपेक्षा असावी. परंतु त्यांना तेथे फुलांचा समुद्र दिसला. सर्वांत अधिक होती ती पॉपीची तांबडी फुले. त्यांच्यामध्ये शेवंतीच्या कुळातील कॅमोमाइलची पांढरी फुले आणि मोहरीच्या कुळातील एका रानटी रोपाची पिवळी फुले मिसळली होती. हिल यांनी या सर्वांची रीतसर नोंद करून ती क्यू येथील नियतकालिकात प्रसिद्ध केली.

ही फुले आली कोठून? कोणी पेरली? येथे विज्ञानाच्या तासाची आठवण ठेवा. ही पॉपी म्हणजे आपल्या खसखशीचीच बहीण. हिचे रोप एका वर्षात उगवते, फुलते, बी धरते आणि मरते. एका रोपास हजारो बारीक बिया येतात. त्या मातीत गाडल्या गेल्या म्हणजे कुजत नाहीत, तर निजून राहतात, आणि पुष्कळ वर्षांनीही जागृत होऊ शकतात. जागृत होण्यासाठी त्यांना दोन गोष्टी लागतात: माती उलथली गेली पाहिजे, आणि बीला उजेड मिळाला पाहिजे. गव्हाच्या दाट शेतात हा योग थोड्यांनाच लाभतो. पण सोमच्या चुनखडीच्या जमिनीत तोफगोळ्यांनी हातहात, पुरुषपुरुष खोल खड्डे पाडले, आणि तळची माती वर आली. गहू पेरणारा शेतकरी परागंदा झालेला; तेव्हा या रोपांशी स्पर्धा करणारे पीक उरले नव्हते. अशा रीतीने कैक वर्षे निजलेल्या बिया एकाच उन्हाळ्यात उठल्या.

यात चमत्कार काही नाही. परंतु विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या तोफांनी माणसे मारली, त्याच तोफांनी ती जमीन नांगरली. म्हणून या फुलांमुळे युद्ध सुंदर ठरते असे कोणी म्हणू लागला, तर त्यास आपण स्पष्टपणे ‘नाही’ म्हणावे. फूल युद्धाने निर्माण केले नाही. ते युद्धापूर्वीही मातीत होतेच. शेतकऱ्याच्या नांगरानेही ते उगवले असते, आणि त्यासाठी कोणाला मरावे लागले नसते.

आता पाखरांकडे वळू.

‘साकी’ या टोपणनावाने लिहिणारे हेक्टर ह्यू मन्रो हे इंग्रजीतील नामांकित कथालेखक होत. त्यांचा जन्म १८७० साली ब्रह्मदेशातील अक्याब येथे झाला. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. सैन्यात भरती होण्याची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली होती, तरी ते भरती झाले, आणि अधिकारपद नाकारून साधा शिपाई म्हणून दाखल झाले. खंदकात असताना त्यांनी तेथील पक्ष्यांवर एक छोटासा निबंध लिहिला. खंदकात उंदीर माजले, म्हणून घुबडेही त्यांच्यामागोमाग लढाईच्या रांगेत कशी आली, हे त्यात विनोदाने सांगितले आहे. गोळ्यांचा वर्षाव चालू असताही पहाटेच्या वेळी चंडोल आकाशात चढून कसा गातो, हेही त्यात आहे. पण मला त्यातील एक गोष्ट विशेष वाटते. तोफांनी उद्ध्वस्त केलेल्या एका रानाच्या कोपऱ्यावर, फांद्या तुटून पडत असता, चॅफिंच जातीची एक लहानशी मादी इकडून तिकडे उडत होती. जिला पंख आहेत तिने अशा ठिकाणी का राहावे? मन्रो यांनी तर्क केला की, जवळच तिचे घरटे असावे. पिलांना भरविण्यास जावे तर भय वाटते, आणि त्यांना सोडून जावे तर ममता सोडीत नाही, अशी तिची अवस्था असावी.

ज्याने त्या चिमुकल्या जीवाची ही दशा ओळखली, तो मनुष्य निष्काळजी होता असे कोण म्हणेल? मला तर असे वाटते की, शेजारी जखमी होऊन पडलेल्या सोबत्याचे दुःखही त्याला तितक्याच स्पष्टपणे दिसत असले पाहिजे. पाखराकडे पाहिल्यामुळे मन्रो आपल्या जागेवरून हलले नाहीत. १४ नोव्हेंबर १९१६ रोजी, सोमची लढाई संपण्यास चार दिवस उरले असता, ते गोळी लागून मरण पावले.

तिसरी हकीगत दुसऱ्या महायुद्धातील, आणि ती मी थोडी विस्ताराने सांगणार आहे. कारण तीत आपणा सर्वांस घेता येण्याजोगा धडा आहे.

जॉन बक्स्टन हे ऑक्सफर्ड येथील विद्वान व कवी. १९४० साली नॉर्वेतील मोहिमेत ते जर्मनांच्या हाती सापडले, आणि युद्ध संपेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच वर्षे, कैदेत राहिले. युद्धकैद्याच्या दुःखाची कल्पना तुम्हांस सहज येणार नाही. चोरास शिक्षा होते तेव्हा सुटकेची तारीख ठाऊक असते. युद्धकैद्यास ती ठाऊक नसते. दिवस तसाच, तार तीच, माणसे तीच, अन्न अपुरे. आणि करण्यासारखे काम काहीच नाही. रिकामे मन स्वतःसच कुरतडू लागते.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात बव्हेरियातील छावणीत पडले असता बक्स्टन यांना झाडांवर रेडस्टार्ट पक्ष्यांचे एक कुटुंब दिसले. हा पक्षी चिमणीएवढा. नराचे कपाळ पांढरे, गळा काळा, छाती नारिंगी, आणि शेपटी तांबूस. ही शेपटी सारखी थरथरत असते. खाली भुकेने वाळलेल्या माणसांचा घोळका उभा होता, परंतु पाखरांना त्याची दखलही नव्हती. ती आपल्या उद्योगात मग्न होती. एखाद्यास याचा राग आला असता. बक्स्टन यांना मात्र त्यात समाधान वाटले. काटेरी तारेच्या आत राहूनही ज्या जगात शत्रू व मित्र हा भेद नाही, त्या जगाकडे आपणास पाहता येते, हे त्यांना कळले.

मग त्यांनी केवळ पाहून आनंद मानला नाही. पाहण्याची शिस्त लावून घेतली. १९४३ सालच्या एप्रिल ते जून या महिन्यांत आयश्टेट येथील छावणीत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पाळ्या लावून रेडस्टार्टच्या एकाच जोडप्याचे सुमारे ८५० तास निरीक्षण केले. गणिताच्या विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा. हे तीन महिने पूर्ण धरले तर त्यांचे दिवस ९१ होतात. म्हणजे रोज नऊ तासांहून अधिक वेळ! नर केव्हा गातो, घरटे कोण बांधते, अंडी कोण उबविते, पिलांना कोण भरविते, हे सर्व टिपून ठेवले. (रेडस्टार्टचे घरटे मादी एकटीच बांधते व अंडीही तीच उबविते, पिलांना मात्र आईबाप दोघेही भरवितात.) या टिपणांच्या आधारे बक्स्टन यांनी लिहिलेला ‘द रेडस्टार्ट’ हा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या माणसास इतका वेळ एका पाखरासाठी कधीच मिळाला नसता. बंदिवासाने जे हिरावून घेतले ते फार मोठे होते. पण बंदिवासाने जी एकच वस्तू भरपूर दिली, ती म्हणजे वेळ, आणि या माणसाने ती वाया जाऊ दिली नाही.

वारबुर्ग येथील छावणीत बक्स्टन यांस आणखी तीन पक्षिप्रेमी कैदी भेटले होते. त्यांपैकी जॉर्ज वॉटरस्टन हे १९४१ साली क्रीट बेटात पकडले गेले होते. पुढे मूत्रपिंडाच्या विकारामुळे १९४३ साली त्यांस मायदेशी पाठविण्यात आले. कैदेत असतानाच त्यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आइल या लहानशा बेटावर पक्षिनिरीक्षणाचे केंद्र काढण्याचा बेत आखला होता, आणि १९४८ साली तो सिद्धीस नेला. पीटर काँडर यांनी कैदेत गोल्डफिंच पक्ष्यांचा अभ्यास केला; पुढे १९६३ ते १९७५ पर्यंत ते पक्षिसंरक्षणाचे काम करणाऱ्या ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या संस्थेचे प्रमुख होते. जॉन बॅरेट हे विमानदलातील. त्यांनी पुढे समुद्रकिनाऱ्यावरील जीवांची ओळख करून देणारे एक उत्तम पुस्तक दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या सोबतीने लिहिले. तुरुंगात लावलेले रोप तुरुंगाबाहेर कसे वाढले ते पाहा.

आता या हकीगतीतील सर्वांत नवलाचा भाग ऐका. बर्लिन येथील संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान नावाचे विख्यात पक्षिशास्त्रज्ञ होते. ते जर्मन; बक्स्टन इंग्रज. दोघांची राष्ट्रे एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकीत होती. अशा वेळी या जर्मन पंडिताने त्या इंग्रज कैद्याशी पत्रव्यवहार ठेवला व पक्ष्यांच्या पायांत घालण्याच्या खुणेच्या कड्या त्यास मिळवून दिल्या. एका पाखराच्या निमित्ताने दोन शत्रू काही काळ एका शाळेतील दोन विद्यार्थी झाले.

आणि हे श्ट्रेझेमान आपणास अगदीच परके नाहीत. मुंबईचे डॉ. सालिम अली १९२९ च्या सुमारास पक्षिशास्त्र शिकण्यास बर्लिनला गेले, ते याच गुरूकडे. १९३० साली ते परत आले तेव्हा त्यांस नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम गावी ते जाऊन राहिले, आणि त्या रिकाम्या काळात दारापुढच्या सुगरण पक्ष्यांची घरटी रोज पाहू लागले. सुगरणीचा नर घरटे अर्धे विणून ठेवतो, मादी येऊन ते पारखते, आणि तिच्या पसंतीस उतरले तरच संसार मांडते. मग नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ही सर्व हकीगत त्यांनी तेथे उलगडली. गुरू एकच, एक शिष्य बेकारीत पाहत होता, दुसऱ्यास गुरूने बंदिवासात साह्य केले. दोघांनीही रिकामपणास आपले मन खाऊ दिले नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. माणसे मरत असताना फुलांकडे व पाखरांकडे पाहणे योग्य होते काय?

माझे उत्तर असे आहे. जो मनुष्य सोबत्याचे विव्हळणे ऐकू येऊ नये म्हणून फुलाकडे तोंड फिरवितो, त्याचे पाहणे योग्य नव्हे. परंतु जो आपल्या जागी उभा राहून, आपले काम करीत असता, फूलही पाहतो, त्याने काही चूक केली नाही. उलट, त्याने आपले मन जिवंत ठेवले. युद्ध माणसास एकच दृष्टी शिकविते: समोर जे हलते ते शत्रू असेल. ही दृष्टी एकदा जडली म्हणजे घरी परत आल्यावरही सुटणे कठीण. जो शिपाई दिवसातून एकदा तरी समोर हलणाऱ्या वस्तूकडे ‘हे काय बरे असेल?’ अशा कुतूहलाने पाहतो, त्याच्यातील मनुष्य शिल्लक राहतो. सर्वांनाच हे साधते असे मी म्हणत नाही. ज्यांना साधले नाही, त्यांना दोष देण्याचा अधिकार सुरक्षित वर्गात बसलेल्या आपणास मुळीच नाही.

येथे हा लेख संपला असता. पण उत्तर माझ्या आधी दुसऱ्या कोणी तरी देऊन टाकले, तेही सांगितले पाहिजे.

दिवाळीच्या सुटीनंतर तोच विद्यार्थी एक घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. ते त्याच्या वडिलांचे लडाखहून आलेले पत्र होते. घरची चौकशी, अभ्यासाविषयी चार शब्द, आणि शेवटी काही ओळी अशा अर्थाच्या: उन्हाळ्यात आमच्या ठाण्याच्या दगडी भिंतीच्या फटीत एका पाखराने घरटे केले होते, पाखरू काळे, पोटाशी तांबूस, आणि शेपटी सारखी थरथरणारी, पिले उडून जाईपर्यंत आम्ही सर्वजण त्या भिंतीजवळून बूट न वाजविता जात होतो. मुलाने मला विचारले, ‘‘सर, हे कोणते पाखरू?’’

मी त्यास म्हणालो, ‘‘थोडे थांब. ते तुला दाखवितो.’’

डिसेंबरातील एका सकाळी प्रार्थनेपूर्वी आम्ही दोघे शाळेच्या मागील कुंपणाच्या भिंतीजवळ उभे राहिलो. दहा-बारा मिनिटांनी ते आले. भिंतीवर बसून त्याने एकदा वाकून नमस्कार केल्यासारखे केले आणि शेपटी थरथरविली. हा थिरथिरा, बक्स्टन यांच्या रेडस्टार्टचा सख्खा चुलतभाऊ. हिमालयात, लडाखात व मध्य आशियात तो उन्हाळ्यात पिले वाढवितो, आणि थंडीत आपल्याकडे उतरतो. वडिलांनी पाहिले तेच हे पाखरू, असे मी म्हणालो नाही. कारण ते मला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक नाही ते सांगू नये. जात मात्र तीच. मुलगा पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, बूट न वाजविता जात होते, असे लिहिले आहे ना!’’ त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यास मिळाले होते, आणि ते माझ्याहून योग्य माणसाकडून मिळाले होते.

विद्यार्थ्यांनी या पाठावरून दोन गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली: उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस पडण्यापूर्वी, आवारातील वीतभर खोलीची ओंजळभर माती एका मडक्याच्या तुकड्यात पसरा. त्यात काही पेरू नका. रोज थोडे पाणी शिंपडून उजेडात ठेवा, आणि तीन आठवडे काय उगवते ते लिहून ठेवा. सोमच्या फुलांचे रहस्य तुमच्या ओसरीवरच तुम्हांस कळण्याचा संभव आहे. काहीच उगवले नाही, तर तेही लिहा. तीही नोंदच होय.

दुसरी: ऑक्टोबर ते मार्च या काळात घराजवळ किंवा शाळेजवळ थिरथिरा शोधा. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे पाहा. तारीख, वेळ, जागा, आणि पाखराने काय केले, एवढेच लिहा. जे दिसले ते लिहावे. जे दिसावेसे वाटले ते लिहू नये. मार्च-एप्रिलात तो केव्हा दिसेनासा झाला, ती तारीख अवश्य टिपा.

पालकांस एकच विनंती. मूल भिंतीकडे टक लावून उभे दिसले, तर लगेच त्यास हाक मारू नका. कदाचित ते त्या वेळी चांगला अभ्यास करीत असेल. आणि आपल्यापैकी जे दूर सीमेवर आहेत, त्यांनी आपल्या मुलांस पत्र लिहिताना प्रकृती व अभ्यास यांच्या जोडीला तेथील एखादे फूल, एखादे पाखरू जरूर कळवावे. अशा चार ओळींची मुले किती वाट पाहतात, हे मी या वर्षी पाहिले आहे.